भर बाजारात आडवं पडलेलं पोर आणि आपलं भान

गणेश चतुर्थीला दोन दिवस उरले होते आणि बेळगावच्या गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात अडीच वर्षांच्या मुलाचं बोट. भूक लागली म्हणाला, म्हणून केळं सोललं आणि सवयीनं मधोमध मोडून अर्धं त्याच्या हातात दिलं. तिथंच चुकलं. त्याला अख्खं केळं हवं होतं. "जोडून दे," म्हणाला. मला हसू आलं. पिशवीतलं दुसरं काढून दिलं, तर ते नको, हेच जोडून पाहिजे. पुढच्या क्षणी पोर चिखलात आडवं. "नको! ब्याड! नो!" घरची मराठी, शेजारची कन्नड आणि थोरल्या बहिणीच्या शाळेतली इंग्रजी, असा तिन्ही भाषांतून नकार सुरू झाला.

मी ओरडलो. दंडाला धरून ओढलंही. त्यानं सूर आणखी चढवला. बघ्यांची गर्दी व्हायला लागली तसा माझाही आवाज चढला. दूर्वा-पत्री घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही पण ओरडालाय, ते पण ओरडालंय. कोण कुणाचं ऐकायचं ओ?"

नंतर दोन वर्षं या विषयावर जे हाती लागेल ते वाचलं, बालरोगतज्ज्ञांना विचारलं, घरात प्रयोग केले. म्हातारीच्या त्या एका वाक्यापलीकडं फार काही सापडलं नाही. पण ते वाक्य खरं का आहे, हे मात्र कळलं, आणि तेच इथं सांगायचंय. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळं भाषा कारखान्यातलीच येईल.

थोरलीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली 'माइंडफुल पॅरेंटिंग' हा शब्द वरचेवर येतो. कुणी त्याचं मराठी 'सजग पालकत्व' करतं. ते ऐकलं की एखाद्या सरकारी योजनेचा फॉर्म भरतोय असं वाटतं. आपल्याकडं याला साधा शब्द आहे : भान. 'भानावर ये', 'भान ठेव', 'भान सुटलं'. सजग पालकत्व म्हणजे पोराशी वागताना आपल्याला भान असणं. तो काय करतोय याचं, आणि त्याहून जास्त, आपल्या आत काय चाललंय याचं. ही मूळ कल्पना बौद्ध परंपरेतली. पालीत तिला 'सति' म्हणतात, संस्कृतातली स्मृती. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी दुखणेकऱ्यांसाठी तिचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम केला, तिथून ती कल्पना मानसशास्त्रात आली, तिथून पालकांपर्यंत. आपल्याच अंगणातली वस्तू परदेशी जाऊन, इंग्रजी पाटी आणि फी लावून परत आली म्हणायची. असो.

केळं मोडल्यावर डोक्यात काय होतं

जन्मताना बाळाच्या मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं. सहाव्या वर्षापर्यंत आकार ९० टक्क्यांच्या आसपास पोचतो. वरवर बघता मशीन बसवून झालं. पण आतले सगळे भाग एकाच वेळी चालू होत नाहीत. धोका, राग, भूक यांची घंटा वाजवणारे खोलवरचे भाग लवकर कामाला लागतात. त्यातला एक बदामाएवढा आणि बदामाच्याच आकाराचा, त्याला अमिग्डाला म्हणतात. 'थांब जरा', 'मोडलं तर मोडलं', 'दुसरं मिळेल' असं सांगणारा कपाळामागचा भाग म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. तो तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे इंजिन पहिल्या दिवसापासून चालू आणि ब्रेक बसवायचं काम वीस-पंचवीस वर्षं सुरू. दोन वर्षांच्या पोराला 'एवढंसुद्धा कळत नाही का' असं विचारणं म्हणजे न बसवलेल्या ब्रेकवर पाय देणं.

केळं ही मोठ्यांच्या लेखी क्षुल्लक गोष्ट. त्याच्या मनात मात्र अख्ख्या केळ्याचं चित्र होतं, आणि त्याला न विचारता मी ते मोडलं होतं. मोडलेलं परत जोडता येत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळत असावं. घंटा वाजली. अंगात ॲड्रेनलिन धावलं, छाती धडधडली, आवाज चढला. अशा वेळी शब्दांचा अर्थ लावणारी यंत्रणा मागं पडते, आणि नेमकं तेव्हाच आपण भाषण सुरू करतो : "काल पण असंच केलंस, आता तुला कध्धीच बाजारात आणणार नाही, आणि घरी गेल्यावर आईला..." त्यातला एक शब्द आत जात नाही. आत जातो फक्त सूर आणि चेहरा.

लहान मुलांच्या आकांतावर मायकेल पोटेगल नावाच्या अमेरिकन संशोधकानं बराच अभ्यास केला आहे. त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. आकांतात राग आणि दुःख दोन्ही असतात. राग झटकन चढतो आणि झटकन उतरतो; दुःख आधीपासून असतं आणि राग उतरल्यावर मागं उरतं. किंचाळणं संपून हुंदके सुरू झाले आणि पोर हात वर करून 'घे' म्हणायला लागलं, की राग सरला म्हणून समजायचं. बहुतेक आकांत पाच मिनिटांच्या आत ओसरतात. भर बाजारात ती पाच मिनिटं तासाभराची वाटतात, ते सोडा.

फाउंड्रीत ओतलेला रस थंड होईपर्यंत मोल्ड, म्हणजे साचा, फोडत नाहीत. घाई केली तर कास्टिंग वाकतं, तडकतं, आणि सगळा माल स्क्रॅप. समजावणं हे मोल्ड फोडण्यासारखं काम आहे. ते थंड झाल्यावर करायचं. गरम असताना नुसतं जवळ उभं राहायचं आणि त्याला किंवा दुसऱ्या कुणाला लागणार नाही एवढं बघायचं. शब्द दोन-तीनच, आणि तेही बसक्या आवाजात. "मी आहे. इथंच आहे."

उसना धीर

आता म्हातारीच्या वाक्याकडं येतो. ज्याचे ब्रेक अजून बसलेले नाहीत, तो थांबणार कसा? दुसऱ्याच्या ब्रेकवर. तान्हं बाळ रडताना आपण त्याला छातीशी धरतो, हळू डोलतो, ते शांत होतं. ते स्वतःहून शांत झालेलं नसतं. त्यानं आपल्याकडून धीर उसना घेतलेला असतो. शेजारणीकडून विरजण आणतो ना, तसं. दही लागतं ते त्या चमच्यामुळं. हजार वेळा असं उसनं घेतल्यावर कधीतरी त्याच्या मेंदूत स्वतःचं विरजण तयार होतं. पण आपल्याच भांड्यातलं नासलेलं असेल तर देणार काय? गणपत गल्लीत माझ्याकडं देण्यासारखं काहीच नव्हतं. मी स्वतः गर्दी, घाम, पावसाची भुरभुर आणि 'लोक काय म्हणतील' यांनी पेटलेलो होतो.

म्हणून यातली पहिली कृती पोरावर करायची नसते. ती स्वतःवर करायची असते आणि तिला दहा-पंधरा सेकंद लागतात. पाय जमिनीला टेकलेत हे जाणवू द्यायचं. खांदे खाली सोडायचे. नाकानं श्वास घ्यायचा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. यात गूढ काही नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, मेंदूतून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेमुळं. श्वास लांबवून सोडला की तो मंदावण्याचा काळ वाढतो. हे सगळं उभ्या उभ्या करता येतं, कुणाला कळतही नाही. मग खाली बसायचं, डोळ्यांच्या उंचीवर. सहा फुटी माणूस वरून वाकून काहीही बोलला तरी अडीच फुटी माणसाला ती धमकीच वाटते.

मी याची सवय टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर केली. गाडी यायची असली की गेट पडतं, मागून हॉर्न सुरू होतात, आणि आपल्या हातात काही नसतं. आधी मी तिथं घड्याळ बघत चडफडायचो आणि मागं बसलेली थोरली माझी चडफड बघत बसायची. आता ती डबे मोजते, मी श्वास मोजतो. मालगाडी असली तर तिचा आकडा चुकतो आणि भांडण होतं, पण ते गोड भांडण.

'आमच्या वेळी एक ठेवून दिली की पोर गप्प व्हायचं' असं म्हणणारे घरोघरी आहेत. व्हायचं, खरंय. भीतीनं जागच्या जागी थिजलेलं पोर आणि शांत झालेलं पोर बाहेरून सारखंच दिसतं. पण थिजलेल्याला केळ्याबद्दल काही कळत नाही, बापाच्या हाताबद्दल कळतं. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी घातली. घरात कुणी कायदा घेऊन येत नाही, तिथं आपलं भानच काय ते.

रुसणं, फुगणं, हिरमुसणं

राग उतरला, हुंदके ओसरले, मूल कुशीत आलं, की मग बोलायचं. काय बोलायचं? आधी त्याच्या आत जे झालं त्याला नाव द्यायचं. "तुला अख्खं केळं हवं होतं. मी मोडलं. म्हणून राग आला." बस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मोठ्या माणसांवर केलेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची खळबळ कमी होते आणि कपाळामागचा भाग कामाला लागतो. आपण पोराच्या वतीनं तो शब्द पुरवत असतो. पुढं तेच शब्द ते स्वतः वापरतं.

आणि इथं आपल्या भाषेची श्रीमंती बघा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना शाळेत चार चेहरे दाखवतात : हॅपी, सॅड, अँग्री, स्केर्ड. मराठीत नुसत्या लहान मुलांसाठी केवढे शब्द! रुसणं वेगळं, फुगणं वेगळं. रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं, फुगलेल्याला जरा वेळ एकटं सोडलेलं बरं. हिरमुसणं म्हणजे आशा लावून बसलेल्याचा पडलेला चेहरा. बिचकणं, बावरणं, बुजणं ही तिन्ही भीतीची भावंडं, पण उपाय तिन्हीचे निराळे. बुजलेलं मूल ओळख झाली की खुलतं, बिचकलेल्याला आधी आवाज कसला होता ते दाखवावं लागतं. शिवाय किरकिर. तिचा अर्थ बहुतेक वेळा झोप. माझ्या आईला ही सगळी वर्गवारी तोंडपाठ आहे. तिनं मेंदूचं एक चित्र पाहिलेलं नाही, पण "राग न्हाई तो, हिरमोड झालाय त्याचा" हे ती पदर न सोडता सांगते आणि नव्वद वेळा बरोबर निघते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आईबापांचा एक हमखास प्रश्न असतो : घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, पोराचा गोंधळ होणार नाही का? बोलायला उशीर लागणार नाही का? बहुभाषिक मुलांवरच्या अभ्यासांचं उत्तर स्पष्ट आहे. एकापेक्षा जास्त भाषांमुळं वाणीदोष होत नाही, आणि एका वाक्यात दोन भाषा मिसळणं ही गोंधळाची खूण नाही. एका भाषेतले शब्द मोजले तर कमी वाटतील. तिन्हीतले मिळून मोजले तर हिशेब जुळतो. माझी सूचना एवढीच, की समजूत काढायची भाषा तीच ठेवा जिच्यात तुम्हाला स्वतःला रडू येतं. "डोंट क्राय, बी अ गुड बॉय" म्हणणाऱ्या कितीतरी आयांना मी पाहिलंय. त्यांचा स्वतःचा जीव त्या शब्दांत नसतो, आणि पोराला ते कळतं. आमच्या शेजारच्या कन्नड आज्जी "अळब्याड, कूसा" (रडू नको, बाळा) म्हणत पाठीवर हात फिरवतात तेव्हा माझा पोरगा गप्प होतो, कारण त्या शब्दांत त्या स्वतः असतात.

हातात फोन, चेहरा कोरा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. आई काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग ती काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते, हसत नाही, उत्तर देत नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं. काही उपयोग होत नाही म्हटल्यावर ते मान फिरवतं, आक्रसतं, रडतं. कुणी मारलेलं नाही, रागावलेलं नाही, आई समोरच आहे. पण उत्तर नाही.

मी हे वाचलं तेव्हा डोळ्यांपुढं आमच्याच घरातली संध्याकाळ आली. कारखान्यातून आल्यावर चहाचा कप, सोफा आणि फोन. मुलगा चिखलाची भाकरी करून दाखवायला आणतो, मी "हं, छान" म्हणतो, नजर स्क्रीनवर, चेहरा कोरा. त्याला ते कोऱ्या चेहऱ्यासारखंच दिसत असणार. आता आल्यावरची पहिली पंधरा मिनिटं फोन देवघराच्या फळीवर जातो. देवांनाही जरा बरं वाटत असेल. पंधरा मिनिटांनी मात्र मी तो घेतो, खोटं कशाला बोला.

यावर लगेच कुणी म्हणेल, आमच्याकडं एवढा वेळ कुठाय. वेळाचा मुद्दा मला माझ्या निपाणीच्या आत्यानं शिकवला. ती दिवसभर घरी बसून विड्या वळायची. तंबाखूच्या धुळीपासून पोरं लांब उंबऱ्याबाहेर बसवलेली, आणि हात सुपात. पण पोर काही बोललं की मान वर, एक नजर, एक उत्तर, परत मान खाली. "होय? मग पुढं काय केलं मांजरानं?" चेंडू टाकला की परत यायचाच. बाळाच्या हुंकाराला, बोटाला, प्रश्नाला मिळणाऱ्या अशा छोट्या उत्तरांतून मेंदूची जोडणी घट्ट होते. ती उत्तरं दोन-दोन सेकंदांची असली तरी चालतात.

जे बाप घरीच नसतात त्यांचं थोडं वेगळं आहे. आमच्या भागातल्या कित्येक घरांतला एकजण तरी फौजेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच. जवान सुट्टीवर येतो, धावत जाऊन लेकरू उचलतो, आणि ते किंचाळून आज्जीच्या पदराआड. बापाचा चेहरा बघवत नाही. आठ-नऊ महिन्यांच्या पुढं अनोळखी माणसाला घाबरणं हे वाढ नीट होत असल्याचं लक्षण आहे, त्यात प्रेम कमी-जास्त काही नसतं. त्यानं जमिनीवर बसावं, आज्जीशी गप्पा माराव्या, हातात एखादा डबा वाजवत राहावं. लेकरू आपणहून येतं. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या.

आधीच टळणारे आकांत

निम्मे आकांत भूक, झोप आणि कोंडलेपणाचे असतात, आणि ते घड्याळ बघून टाळता येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. आमच्याकडं गणपतीचे देखावे रात्री अकराला बघायला निघतात, आणि दुसऱ्या दिवशी 'आज फार चिडचिड करालंय' म्हणून दृष्ट काढतात. त्याच मार्गदर्शनात दोन वर्षांखालच्यांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला एक तासाहून जास्त नको असं म्हटलंय. पण जून ते सप्टेंबर इथं पाऊस हटत नाही, कपडे वाळत नाहीत, पोरं घरात कोंडलेली. अशा दिवसांत आम्ही मुकाट्यानं रेनकोट घालून एक चक्कर मारतो. चिखल होतो. धुऊन निघतो.

मला हे सगळं जमतं असा कुणाचा समज होऊ नये. गेल्याच आठवड्यात दूध सांडलं म्हणून मी असा ओरडलो की थोरली दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. पण ट्रॉनिक यांच्याच पुढच्या कामात असं दिसलं, की चांगल्या आई-बाळाच्या जोड्यासुद्धा निम्म्याहून कमी वेळ एकमेकांशी नीट जुळलेल्या असतात. बाकी वेळ तुटतं आणि परत जुळतं. मुलाला धडा मिळतो तो जुळण्यातून. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली 'पुरेशी चांगली आई' अशी कल्पना मांडली होती. अगदी अचूक आई बाळाच्या कामाची नसते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी थोरलीपाशी गेलो, खाली बसलो. "मी जास्त ओरडलो. दूध सांडणं चूक नव्हती, मी दमलो होतो." 'पण तू सुद्धा...' हे शेपूट जिभेवर आलेलं गिळलं. सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

काही वेळा मात्र भान म्हणजे डॉक्टरांकडं जाणं. आकांत रोज आणि बराच वेळ चालतो, मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करतं, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर बघत नाही किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं, तर 'मुलं उशिराच बोलतात' म्हणत थांबू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, पुढचे उपचारही मोफत असतात. अंगणवाडी ताईंना विचारलं तर पथक कधी येणार ते सांगतात.

राहिला प्रश्न आज्जीचा. आम्ही दोघं नवरा-बायको ठरवतो की जेवणाआधी बिस्किट नाही, आणि आई पदराखालून पुडा काढते. भांडून बघितलं. मग एक तह केला : आज्जीचे नियम आज्जीच्या खोलीत, आमचे स्वयंपाकघरात. दोन जागांचे दोन नियम पोरांना सहज कळतात, दोन भाषा कळतात तसेच. आता आईची खोली घरातली सगळ्यात गजबजलेली जागा झाली आहे, आणि परवा संध्याकाळी फोन फळीवर ठेवून मीही तिथंच बिस्किट खात बसलो होतो. बायकोनं दारातून बघितलं आणि काही न बोलता गेली.